‘वाघूर’चं पाचवं मिक्स

१२ जानेवारी २०२५, रविवार

खंडेरावचा फोन आला. "झालं मिक्स. पुढच्या रविवारी येतो का?" एवढंच. नऊ वर्षं वाट बघायला लावली आणि सांगतोय असं, जणू दळण आणायलाच बोलावतोय.

खंडेरावच्या ‘वखर’ बँडचा पहिला अल्बम ‘कोरडवाहू’ आला तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. या शहरात तेव्हा हेवी मेटल ऐकणारे आम्ही तीस-पस्तीस जण असू, त्यातले निम्मे नुसते काळे टी-शर्ट घालून मिरवणारे. लोकांना वाटतं मेटल म्हणजे आरडाओरडा. मी कुणाला समजावत बसत नाही. कंपनीतली त्यानंतरची दोन-तीन वर्षं त्या एका अल्बमनं काढून दिली, नाहीतर मी गाशा गुंडाळून गावी गेलो असतो.

आणि त्यात माझाही वाटा आहे, हे इथं लिहायला हरकत नाही. वाजवता मला काडीचंही येत नाही. पण ‘वखर’चं काहीही बाहेर जायच्या आधी मला ऐकवायचं, हा पहिल्यापासूनचा रिवाज आहे. चिकलठाण्यात खंडेरावच्या खोलीत मी खुर्चीवर, हेडफोन माझ्या कानावर, बाकी सगळे गप्प. मी हो म्हटलं की गाणं बाहेर. ‘कोरडवाहू’च्या तिसऱ्या गाण्यात ड्रम केसभर मागे पडतोय हे मी धरलं होतं. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. मग कॉम्प्युटरवर मोजून बघितलं तर निघालं खरं. तेव्हापासून खंडेराव म्हणतो, "हात माझा, कान सुदर्शनचा."

कंपनीतही तेच. अकरा वर्षं पॉवर प्रेसवर आहे. डायची धार गेली की मला पत्रा कापल्याच्या आवाजावरून कळतं, मोजमाप करणारे नंतर येतात. म्हणून इअरप्लग खिशातच ठेवतो. सेफ्टी ऑफिसर येताना दिसला की घालायचे.

१९ जानेवारी, रविवार

काय लिहू. वाईट आहे. फार वाईट आहे.

खोलीवर खंडेराव होता, ड्रम वाजवणारा सार्थक होता आणि मिक्स करणारा, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवून देणारा सुयश. या सुयशचा उस्मानपुऱ्यात स्टुडिओ आहे, वय असेल पंचवीस. खंडेरावनं हेडफोन माझ्या डोक्यावर नीट बसवला आणि स्वतः खाली सतरंजीवर बसला, गुडघे पोटाशी घेऊन.

‘वाघूर’ हे अल्बमचं नाव. मेंढरं रात्री कोंडायला धनगर लोक जाळीचं कुंपण लावतात, ती वाघूर. खंडेरावचे वडील सोनाजीबाबा आयुष्यभर मेंढरांमागे चालले. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि थोरल्या भावानं कळप विकून टाकला. त्यावरच आठही गाणी आहेत. नाव ऐकलं तेव्हाच माझ्या अंगावर काटा आला होता.

पहिलं गाणं सुरू झालं आणि पहिले चाळीस सेकंद काही नाहीच. नुसती वाऱ्याची घरघर. मग गिटार आली, तीही घोंगडीखालून वाजवल्यासारखी. ड्रमची थाप येते, पण झांजा कुठं आहेत? खालचा आवाज पोटात बसतो, वरती मात्र सगळं बंद. आठही गाणी अशीच. मी शेवटपर्यंत वाट बघितली की कुठंतरी उघडेल.

हेडफोन काढला. मी म्हणालो, "मेलेलं आहे."

"मंजी?" खंडेराव.

"म्हणजे वरचा आवाजच नाही. आणि सुरुवातीला एवढी शांतता कशाला ठेवली?"

"शांतता कुठंय? घंट्या हैत की तिथं. मेंढरांच्या. कळप इकायच्या आदल्या दिशी मी मोबाईलमधी भरून घेतल्या व्हत्या."

"मग इतक्या मागे ठेवल्यावर कुणाच्या बापाला ऐकू येणार?"

बाप हा शब्द तोंडातून गेला तो गेला. खंडेरावनं मान खाली घातली. सुयश मध्ये पडला, "दादा, त्या लांबूनच यायला पाहिजेत. मुद्दाम ठेवल्यात तशा." मुद्दाम! या पोरांना एखादी गोष्ट जमली नाही की ती मुद्दाम केलेली असते.

खंडेराव बराच वेळ सतरंजीचा धागा ओढत होता. मग सुयशला म्हणाला, "वर घे. भौ म्हनतो तर वर घे."

२३ जानेवारी, गुरुवार

करुणाला ताप. त्यात थर्मामीटर बिघडलेला. लावून पाच मिनिटं बसलो, वाजतच नाही. ही म्हणते, "अहो, केव्हाच वाजला." तापात माणूस काहीही बोलतो. मेडिकलमधून नवा आणला तर तोही तसलाच. हल्लीच्या वस्तूंत काही राम राहिलेला नाही.

एकशे एक निघाला. उद्याची सुट्टी टाकली.

९ फेब्रुवारी, रविवार

दुसरं मिक्स ऐकलं. फरक नखाएवढा. मी सांगितलं, घाबरत घाबरत काम करू नका, ट्रेबल, म्हणजे वरचा आवाज, उघडा. सुयशनं तिथंच लॅपटॉपवर वाढवून तिसरं केलं. सार्थक म्हणाला, मी जरा खाली चहा पिऊन येतो, तो तासभर आलाच नाही. मला राग आला. स्वतःच्या झांजा हरवल्यात आणि याला चहा सुचतोय.

तिसऱ्यातही घंट्या नाहीत.

२ मार्च, रविवार

आज भांडण झालं. चौथं मिक्स चालू असताना सुयशनं सरळ लॅपटॉप मिटला. "दादा, याच्या वर घेतलं तर लोकांचे कान फुटतील. मी खरं सांगतोय."

मी म्हणालो, "मेटल आहे बाबा, अंगाई नाही."

"मंग माझं नाव नका टाकू त्याच्यावर."

"नको टाकू. कोण ओळखतं तुला?"

एवढं टोचून बोलायला नको होतं, पण मला कामात मऊपणा चालत नाही. खंडेराव दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. शेवटी कान चोळत माझ्याजवळ आला. "सुदर्शन, खरं सांगू का? मला बी जरा टोचायलंय रे. त्या घंट्या आता बापाच्या वाटंना गेल्यात."

मी त्याला समजावलं. "पंधरा वर्षं तू ॲम्पसमोर बसतोयस. तुझे कान गेलेत, खंड्या. बिघडलेल्या कानाला असंच टोचतं. ते तू माझ्यावर सोड."

त्यानं कानावरचा हात काढला. "व्हय, आसंल," म्हणाला.

मित्राला खरं सांगायला हिंमत लागते. येताना गाडीवर मला त्याचं वाईट वाटत होतं. एवढा कलाकार आणि कानानं दगा द्यावा.

२३ मार्च, रविवार

पाचवं मिक्स. अखेर घंट्या आल्या. बारीक आहेत, पण आहेत. झांजाही कळतात. मी हो म्हटलं.

कुणी टाळी वाजवली नाही. मागच्या वेळी ‘कोरडवाहू’ला हो म्हटलं तेव्हा खंडेरावनं मला उचललं होतं. वयं झाली आता सगळ्यांची.

१८ एप्रिल, शुक्रवार

‘वाघूर’ आला. शिफ्ट संपल्यावर पार्किंगमध्येच गाडीवर बसून पूर्ण ऐकला. मिक्स मी सांगितलं तसंच झालंय, हे माहीत असूनही मन भरलं नाही. सगळं जिथल्या तिथं आहे आणि तरी काही होत नाही. ‘कोरडवाहू’ ऐकताना मानेवरचे केस उभे राहायचे. आज मी घड्याळ बघितलं.

२० एप्रिल, रविवार

लोकांनी धुऊन काढलं. "सुरुवातीच्या घंट्या की दाभणं?" "दोन गाण्यांनंतर डोकं धरून बसलो." पुण्याच्या एकानं लिहिलंय, "गाणी कदाचित चांगली असतील, पण ऐकवतच नाहीत." एकानं तर हेडफोन काढून ठेवल्याचा फोटो टाकलाय. मोबाईलच्या टीचभर स्पीकरवर ऐकायचं आणि नावं ठेवायची, अशी ही जमात.

पण अल्बम फसला हे खरंच आहे. कारण मात्र त्यांनी चुकीचं धरलंय. ते कुणीतरी सांगायला हवं.

२१ एप्रिल, सोमवार

आमच्या ‘मेटल कट्टा’ पानावर लिहिलं. हे पान मी आठ वर्षं चालवतोय, चार हजारांवर लोक वाचतात, मराठी मेटलमध्ये माझ्या शब्दाला किंमत आहे. म्हणून तोलूनमापून लिहिलं. शेवट असा केला: "आवाजाला दोष देण्यात अर्थ नाही. आवाजाचं काम चोख आहे, आणि म्हणूनच लपायला जागा उरलेली नाही. दुखणं रचनेत आहे. नऊ वर्षांनी परत येऊन सांगावं असं खंडेरावकडे काही शिल्लक नाही, हे आपल्याला मान्य करावं लागेल."

मित्र म्हणून सूट दिली तर मग माझ्या हो म्हणण्याला काय अर्थ राहिला?

करुणानं वाचलं. म्हणाली, "हे तुम्ही त्यांना घरी जाऊन का नाही सांगितलं?" तिला यातलं कळत नाही.

खंडेरावनं पोस्टला अंगठा दिला. बाकी काही नाही.

११ मे, रविवार

अल्बमचा कार्यक्रम. सतरा माणसं, त्यात हॉलवाल्याचे दोघे. खंडेराव गायला, पण डोळे पूर्ण वेळ जमिनीवर. ‘कोरडवाहू’मधलं गाणं लागलं तेव्हा पोरांनी जरा माना हलवल्या. ‘वाघूर’चं एकही पूर्ण झालं नाही. चौथ्या ओळीत त्यानं हात वर केला आणि माइकमध्ये म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. नाय जमायलं."

बाहेर सार्थक भेटला. पुण्याला नोकरी लागलीय, जातोय. माझ्याशी हात मिळवला नाही. हातात ड्रमचं सामान होतं म्हणून असेल.

८ जून, रविवार

खंडेराव चितेगावला राहायला गेला. पैठण रोडच्या एका कंपनीत स्टोअरला लागलाय. मी सामान भरायला गेलो होतो. गिटार दिसली नाही म्हणून विचारलं. म्हणाला, गावाकडं माळ्यावर टाकली.

टेम्पो भरून झाल्यावर रिकाम्या खोलीत दोघं बसलो. तो म्हणाला, "मला येत नव्हतंच रे हे. पहिला आल्बम तुझ्या जिवावर तरला. उगं बापाच्या नावावर एवढा बाजार मांडला मी."

मी म्हणालो, "असं नको बोलू." पण ते खरं नाही, असं काही म्हणालो नाही. खोटं बोलणं जमत नाही मला.

१७ जुलै, गुरुवार

आज कंपनीत कानाची तपासणी होती.

दरवर्षी गेटजवळ गाडी येते. आत काचेची पेटी, आपल्या कानावर हेडफोन, हातात बटण. बीप ऐकू आला की दाबायचं. नापास होणारा प्रेसवरून पॅकिंगला जातो आणि पॅकिंगला गेलेला माणूस परत प्रेसवर येत नाही. म्हणून प्रेस शॉपची एक रीत आहे. मी नवा होतो तेव्हा प्रेसवरच्या जुन्या कडुबानं शिकवलं होतं, "कान नको देऊ, कोपर बघ." काचेतून तपासणाऱ्याचं कोपर दिसतं. तो बीप सोडतो तेव्हा कोपर हलतं. हललं की दाबायचं. सगळे तसंच करतात, मीही करत आलो. माझे कान चांगले असताना मला गरज नव्हती, पण सवय लागली ती लागली.

या वर्षी नवीन बाई होत्या. त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवून ठेवलेली. मी बसलो, बटण धरलं, सुरुवात व्हायची वाट बघत होतो. थोड्या वेळानं त्यांनी दार उघडलं. "झालं, दादा."

"झालं? सुरू कधी झालं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा बसवलं. दुसऱ्या वेळी मी डोळे मिटले, श्वास धरला. खालचे घूं आवाज आले, ते दाबले. मग काहीच नाही.

कागदावर रेघ होती. निम्म्यापर्यंत बरी आणि तिथून खड्ड्यात. "हे वरचे, बारीक आवाज," त्या म्हणाल्या, "घंटी, पाखरं, थर्मामीटरचा बीप. हे तुम्हाला येत नाहीत."

"कधीपासून?"

"एका दिवसात होत नाही हे. पाच-सहा वर्षं तरी झाली असतील. आता परत येणार नाही, आहे तेवढं सांभाळा."

बाहेर कडुबा रांगेत होता. "काय म्हनली बाई?" मी म्हणालो, चहा घेऊन येतो. आणि मशीनमागे जाऊन उभा राहिलो.

२० जुलै, रविवार

जानेवारीत खंडेरावनं पाठवलेलं पहिलं मिक्स मोबाईलमध्ये अजून होतं. करुणाच्या कानाला हेडफोन लावला. म्हटलं, काय ऐकू येतंय ते सांग, बाकी काही विचारू नको.

"घंट्या आहेत," ती लगेच म्हणाली. मग थांबली. "लांबून येतायत. खूप मेंढरं असावीत आणि पुढे कुणीतरी चालतंय." तिनं डोळे मिटले. हिला मेटल आवडत नाही, गिटार सुरू झाली की खोलीतून उठून जाते. आज पूर्ण गाणं ऐकलं. झांजांच्या जागी बोटं हलत होती तिची.

"हे तर किती छान आहे," ती म्हणाली. "मग हे का नाही काढलं त्यांनी?"

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो.

संध्याकाळी ‘कोरडवाहू’ लावला. त्यातल्या झांजा मला येत होत्या. खरंच येत होत्या की पाठ आहेत म्हणून वाटत होत्या, ते आता सांगता येत नाही.

२६ जुलै, शनिवार

पॅकिंगला टाकलं. खोके चिकटवायचे.

कट्ट्यावरची पोस्ट पुसली. पुसून काय होतं? ज्यांनी वाचायची त्यांनी वाचली, आणि ज्यानं वाचू नये त्यानं सगळ्यात आधी वाचली. आठवडाभर ठरवतोय की चितेगावला जायचं. मग वाटतं, तो तिथं रुळला असेल, कशाला ढवळायचं. मग कळतं की हे मी त्याच्यासाठी म्हणत नाही, माझ्यासाठी म्हणतोय. तुझे कान गेलेत, असं मी त्याला म्हणालो होतो. त्याच्या तोंडावर. आणि त्यानं ऐकून घेतलं.

३ ऑगस्ट, रविवार

गेलो.

पत्र्याची खोली, समोर हौद. खंडेराव बनियनवर कपडे धूत होता. मला बघून हसला. "ये ये, भौ. चहा टाकू का?" अंगानं भरलाय जरा. मी म्हणालो, आधी ऐक, आणि कागद त्याच्या पुढ्यात धरला. ओल्या हातानं भिजेल म्हणून त्यानं हात लुंगीला पुसले आणि मग घेतला.

सगळं सांगितलं. कोपर बघून पास होणं, भिंतीकडची खुर्ची, करुणानं ऐकलेल्या घंट्या. पाचही मिक्स सांगितली. तो रेघेकडे बघत होता.

"मंग मला टोचायलं व्हतं, ते खरंच टोचायलं व्हतं?"

"हो."

"आन सुयशचं पहिलं चांगलं व्हतं?"

"करुणा म्हणते, फार चांगलं होतं. मला..." मी अडखळलो. "मला नाही कळत, खंड्या."

मी म्हणालो, पहिलं मिक्स बाहेर काढू. मी स्वतः लिहितो, झाल्या प्रकाराची कबुली देतो, सार्थकला पुण्याहून बोलावतो. मी भराभर बोलत होतो. त्यानं कागदाची घडी घातली आणि मला परत दिली.

"बँड कुठंय आता? आन एकदा लोकांनी कान धरून टाकून देलेलं पुन्यांदा कोन ऐकतं?" मग म्हणाला, "तू हे सांगायला नको व्हतं."

आवाज चढवला नाही त्यानं. शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या.

"मला येत नाय, आसं मी ठरवून टाकलं व्हतं. दोन महिनं लई जड गेलं. मंग सुटल्यावानी झालं. स्टोअरला जातो, येतो, जेवतो, झोप लागती. आता तू सांगायलास की मला येत व्हतं. बापाच्या घंट्या मी नीट लावल्या व्हत्या. हे घेऊन आता कुठं जाऊ मी?"

माफी मागायची म्हणून सबंध रस्ता शब्द जुळवत गेलो होतो, ती मागायची राहूनच गेली. तो उठून हौदाकडे गेला आणि राहिलेला शर्ट आपटायला लागला. मी चप्पल घातली. फाटकातून वळून बघितलं तेव्हा शर्ट दगडावर पडला होता आणि तो माझ्याकडे पाठ करून उभा होता. काही बोलत होता, रडत होता की नुसताच उभा होता, ते मला तिथून कळलं नाही.